फ्लॅटची विक्री आणि दलाली : आपल्या सोसायटीचा पंचवीस वर्षांचा हिशेब

स्मरणिका समितीने इतिहासावर लेख मागितला तोपर्यंत पाण्याची टाकी, लिफ्ट आणि गणेशोत्सव हे तिन्ही विषय वाटून झाले होते. मी म्हटलं, मला सभासद नोंदवही द्या, बाकी काही नको. बँकेत पस्तीस वर्षं लेजरं चाळली, ती सवय काही जात नाही.

आपल्या प्रत्येकाकडे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे. पन्नास रुपयांचे पाच शेअर, एकूण २५० रुपये. पुढच्या बाजूला नाव, शिक्का, सह्या. मागची बाजू बहुतेकांनी कधी पाहिलेली नसेल. तिथे हस्तांतरणाचा तक्ता असतो. आधी कोणाच्या नावावर, नंतर कोणाच्या, कमिटीच्या सभेची तारीख. आपल्या सोसायटीचा खरा इतिहास मला त्या तक्त्यांत सापडला. २००० साली नोंदणी झाली तेव्हा ३२ फ्लॅट होते. त्यांपैकी १४ विकले गेले, त्यातले तीन दोनदा. म्हणजे एकूण १७ व्यवहार. यातल्या बहुतेक माणसांना आपण निरोपाचा चहा दिला. व्यवहारात त्यांच्या हाती काय राहिलं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

थोडं मागे जातो. सहकारी गृहनिर्माणाची आपल्याकडची सुरुवात १९१५ साली मुंबईत गावदेवीला स्थापन झालेल्या सारस्वत सोसायटीपासून मानतात. पुढे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आला, १९६३ चा ओनरशिप फ्लॅटचा कायदा आला, आणि घर ही नोकरदार माणसानेही विकत घ्यायची नि विकायची वस्तू झाली. दलाल त्याआधीही होतेच. पागडीची खोली सहसा त्यांच्याच ओळखीने मिळायची. त्यामुळे आपण डोंबिवलीत आलो तेव्हा स्टेशनबाहेर ‘इस्टेट एजंट’ अशी पाटी लावून बसलेला माणूस कोणालाच नवीन नव्हता. दर ठरलेला असल्यासारखा सांगितला जायचा : विक्रीला दोन टक्के, दोन्हीकडून. हा दर कोणत्याही कायद्याने ठरवलेला नाही, हे मात्र कोणी सांगत नसे. मीही सांगितलं नाही, कारण कर्ज विभागात इतकी वर्षं काढूनही मी तो प्रश्न स्वतःला कधी विचारला नव्हता.

आता २००६ सालच्या एका नोंदीबद्दल लिहायचं आहे. तळमजल्यावरच्या आपल्या एक वहिनी. यजमान वारले, मुलगी सासरी, म्हणून भावाकडे नाशिकला जायचं ठरवलं. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. त्या माझ्याकडे एक चिठ्ठी घेऊन आल्या, “भाऊ, एवढी नोटीस बोर्डावर लावाल का? फ्लॅट विकायचाय.” मी म्हटलं, “वहिनी, बोर्ड सोसायटीच्या कामासाठी आहे, खासगी जाहिराती लावायला लागलो तर उद्या शिकवणीवाले येतील.” नियमावर बोट ठेवायची सवय. त्या काही बोलल्या नाहीत, चिठ्ठी घडी करून घेऊन गेल्या.

मग त्या एजंटकडे गेल्या. अकरा लाखांना व्यवहार ठरला. दोन टक्क्यांनी त्यांचे बावीस हजार, घेणाऱ्याचे बावीस हजार. वहिनींना तेव्हा जे कुटुंब निवृत्तीवेतन मिळत होतं त्याच्या हिशेबाने ही पाच महिन्यांची रक्कम. आणि घेणारा कोण निघाला? बी विंगमधल्या एका सभासदाचा भाचा. पलीकडच्या गल्लीत भाड्याने राहत होता, वर्षभर आपल्याच आवारात घर शोधत होता. ती चिठ्ठी बोर्डावर लागली असती तर संध्याकाळच्या आत मामाने वाचली असती. चव्वेचाळीस हजार रुपये माझ्या एका नियमापायी गेले. कमिटीपुढे हस्तांतरणाचा अर्ज आला तेव्हा हे कळलं आणि त्या अर्जावर सही करताना मला फार वाईट वाटलं.

२००८ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला : बोर्डाचा उजवा कोपरा सभासदांच्या विक्री आणि भाड्याच्या नोटिसांसाठी राखून ठेवावा. वादावादी झालीच. “सोसायटीचा बाजार करायचाय का?” असं एकांनी विचारलं. ठराव दोन मतांनी पास झाला. त्याआधीच्या सात व्यवहारांपैकी सहा एजंटमार्फत झाले होते. नंतरच्या दहांपैकी चार. बाकीचे सहा फ्लॅट भाचे, मेहुणे, ऑफिसातले सहकारी आणि एकदा तर आपल्याच तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने घेतले.

पण एकट्या बोर्डाने हे झालं नाही. माणूस एजंटकडे जातो तो गिऱ्हाइकासाठी, आणि त्याहून जास्त कागदांच्या भीतीने. म्हणून त्याच वर्षी आम्ही ‘विक्रीची फाईल’ सुरू केली. बिल्डरबरोबरच्या मूळ करारापासून आजपर्यंतच्या सगळ्या करारांची साखळी, प्रत्येकाची मुद्रांक आणि नोंदणीची पावती, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची चालू पावती, वीजबिल, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. स्वतःचं कर्ज चालू असेल तर किती फेडायचं राहिलंय त्याचं बँकेचं पत्र. कर्ज विभागात मी कितीतरी प्रकरणं मधल्या एका हरवलेल्या करारापायी अडलेली पाहिली आहेत. मग गिऱ्हाईक कंटाळतं, किंमत पाडून मागतं. आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीला सोसायटीचं ना-हरकत पत्र सक्तीचं नाही, पण घेणाऱ्याची बँक ते मागतेच, म्हणून कमिटीने ते आठ दिवसांत द्यायचं असंही तेव्हाच ठरलं. हस्तांतरण अधिमूल्याचा प्रश्न आमच्याकडे फार चिघळला नाही. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकाने महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये ठेवली आहे. ‘स्वेच्छा देणगी’ म्हणून जास्त घ्यावं अशी एक सूचना आली होती, ती आम्ही इतिवृत्तातही घेतली नाही.

आता एजंटची बाजू. तीही लिहिली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. २०१४ मध्ये परदेशात असलेल्या एका मुलाला आईवडिलांचा फ्लॅट विकायचा होता. आत भाडेकरू, कुलमुखत्यारपत्र मावसभावाच्या नावे, करारात नावाचं स्पेलिंग चुकलेलं. एजंटने चूकदुरुस्तीचा दस्त करून घेतला, भाडेकरूला गोडीगुलाबीने हलवलं, वीसेक गिऱ्हाइकं फिरवली. त्याने आपले पैसे घाम गाळून कमावले. पण तिथेही आम्ही दर बोललो आणि तो एक टक्क्यावर आला. बोललं की कमी होतो, एवढंच.

बोलताना एक गणित डोक्यात ठेवा. अकरा लाखांचा फ्लॅट साडेदहाला गेला तर तुमचे पन्नास हजार गेले, दोन टक्क्यांनी एजंटचे तुमच्या बाजूचे फक्त एक हजार. त्यामुळे ‘द्या हो, सौदा तुटेल’ असं तो म्हणतो तेव्हा त्यात त्याचं फारसं काही जात नसतं. आपल्याकडे जे लोक सांभाळून गेले त्यांनी दर आधी कागदावर घेतला, मुदत दोन-तीन महिन्यांची ठेवली, आणि बोर्डावरून किंवा ओळखीतून आलेल्या गिऱ्हाइकावर दलाली नाही हे लिहून घेतलं. पैसे टोकनच्या वेळी न देता दस्त नोंदणी झाल्यावर दिले. बँकवाला म्हणून माझी एक भर : दलाली चेकनेच द्या आणि पावती घ्या. भांडवली नफा काढताना विक्रीसाठी दिलेली दलाली वजा मिळते, रोखीने दिलेली सिद्ध करता येत नाही. जीएसटी लावणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागा. १८ टक्के ही लहान रक्कम नाही.

अलीकडे मॅजिकब्रिक्स, नोब्रोकर वगैरेंवर मुलं स्वतःच फोटो टाकतात. चांगलं आहे, पण ‘थेट मालकाकडून’ असं लिहिलं तरी पहिल्या दिवशी निम्मे फोन एजंटांचेच येतात. १ मे २०१७ पासून रेरा पूर्ण लागू झाला. त्यातली एजंटांची नोंदणी रेरात नोंदलेल्या नव्या प्रकल्पांसाठी आहे, आपल्यासारख्या जुन्या इमारतीतल्या फेरविक्रीला तिचा आधार नाही. तिथे आपल्या हातातला कागदच कामाला येतो.

एजंटशिवाय विकताना आपण एकदा फसता फसता वाचलो, तेही नोंदवतो. एका सभासदाने ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवून टोकनवरच सामान ठेवायला चावी दिली. त्याचं कर्ज नामंजूर झालं आणि सामान हलवायला चार महिने लागले. पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय चावी नाही, भाचा असला तरी नाही. पन्नास लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात घेणारा एक टक्का टीडीएस कापून भरतो (हे २०१३ पासून आहे), तो कापला म्हणून भांडू नका, प्रमाणपत्र मागून घ्या.

तळमजल्यावरच्या वहिनी मागच्या गणपतीत आल्या होत्या. मी त्यांना ती चिठ्ठीची गोष्ट प्रथमच नीट सांगितली. भाचा, मामा, चव्वेचाळीस हजार, सगळं. त्या म्हणाल्या, “मला तेव्हाच कळलं होतं भाऊ, ताबा दिला त्या दिवशी. पण तुम्ही सेक्रेटरी, म्हटलं कशाला बोला.” मग त्यांनी प्रसाद घेतला आणि मुलीच्या घरी गेल्या.

हे सगळं आत्ता लिहायला आणखी एक कारण आहे. आम्हा दोघांना आता तीन जिने होत नाहीत, लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद असते, आणि मुलगा पुण्याला बोलावतोय. ए विंगमधला आमचा फ्लॅट विकायचा आहे. फाईल तयार आहे, साखळी पूर्ण आहे, कर्ज २०११ सालीच फिटलं. नोटीस बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात लावली आहे. कोणाचा भाचा असेल तर संध्याकाळी सहानंतर वर या, चहा घेऊनच बोलू.