वाफेची बोट लहान करताना

आपल्याकडे वाफेवर चालणाऱ्या जहाजाला लोकांनी ‘आगबोट’ असे नेमके नाव दिले. शिडाऐवजी पोटातली आग तिला पुढे नेई. अशा एखाद्या छोट्या आगबोटीची, म्हणजे बंदरात फिरणाऱ्या वाफेच्या लाँचची, एक दशांश मापाची प्रतिकृती करायची असे समजू. नुसती शोभेची नव्हे. आत खरा बॉयलर, खरी वाफ आणि खरे इंजिन असलेली. नकाशावरच्या प्रत्येक मापाला दहाने भागले की काम झाले असे आपल्याला वाटते. लांबी, रुंदी, धुराड्याची उंची या बाबतीत ते खरेही आहे. परंतु पाणी, वाफ आणि उष्णता यांना आपण दहाने भागू शकत नाही. या अडचणीतूनच यंत्रविद्येच्या इतिहासातला एक मोठा शोध लागला.

ही गोष्ट ग्लासगो विद्यापीठातली आहे. तेथील भौतिकीचे प्राध्यापक जॉन अँडरसन यांच्या वर्गात दाखवण्यासाठी न्यूकोमेनच्या इंजिनाची एक प्रतिकृती होती. खाणीतले पाणी उपसणारी ही इंजिने १७१२ पासून वापरात होती. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ही प्रतिकृती दुरुस्तीसाठी विद्यापीठाच्या उपकरण-कारागिराकडे आली. त्याचे वय २७, नाव जेम्स वॅट. सिलिंडर जेमतेम ५ सेंटिमीटर व्यासाचा, दट्ट्याची धाव १५ सेंटिमीटर. वॅटने यंत्र दुरुस्त केले, बॉयलर पेटवला आणि इंजिन थोडेसे हलून थांबले. फुंकून विस्तव फुलवला तरी तेच. बॉयलर दिसायला पुरेसा मोठा होता, पण चार-दोन फेऱ्यांतच वाफ संपून जाई.

दुसरा एखादा कारागीर ‘खेळणेच ते, असेच चालायचे’ म्हणून ते परत देऊन मोकळा झाला असता. वॅटने वाफ जाते कोठे, हा प्रश्न धरून ठेवला.

न्यूकोमेनच्या इंजिनात सिलिंडरमध्ये वाफ भरत, मग त्यातच थंड पाण्याचा फवारा सोडत. वाफेचे पाणी होऊन आत पोकळी निर्माण होई आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकले. पुढच्या फेरीला तोच थंड झालेला सिलिंडर वाफेने पुन्हा तापवावा लागे. आता आकाराचा हिशेब पाहा. सव्वा मीटर व्यासाचा सिलिंडर प्रत्येक बाजूने २५ पटीने लहान केला, तर त्याच्या भिंतीचे क्षेत्रफळ ६२५ पटीने कमी होते, पण आत मावणारी वाफ १५,६२५ पटीने कमी होते. म्हणजे वाफेच्या प्रत्येक थेंबाच्या वाट्याला २५ पट अधिक थंड भिंत येते. शिवाय प्रतिकृतीचा सिलिंडर पितळी होता, आणि पितळ हे बिडापेक्षा उष्णता चांगली वाहून नेते. वॅटने जवसाच्या तेलात मुरवून भाजलेल्या लाकडाचा सिलिंडरही करून पाहिला. मोजमापे घेतल्यावर त्याच्या ध्यानात आले की, एका फेरीला सिलिंडरच्या घनफळाच्या कित्येक पट वाफ खर्ची पडते. हा अपव्यय मोठ्या इंजिनातही होताच; कोळशाचे ढीग समोर असल्याने तो कोणाला बोचत नव्हता. लहान प्रतिकृतीने तो इतका वाढवून दाखवला की इंजिनच बंद पडले. १७६५ साली वॅटला उपाय सुचला : वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र ठेवायचे आणि सिलिंडर सदैव गरम राहू द्यायचा. १७६९ मध्ये त्याचे पेटंट झाले. पुढे बोल्टन आणि वॅट यांची कंपनी खाणमालकांकडून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश भाग घेऊ लागली. ही प्रतिकृती नीट चालली असती, तर हे सारे केव्हा घडले असते कोण जाणे!

वर्गात हे सहज दाखवता येते. एकाच घडणीचे, पण लहानमोठे दोन डबे घ्या. दोन्हींत उकळते पाणी भरा आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. लहान डबा किती लवकर निवतो ते आलेखात दिसेल.

आता आपल्या लाँचकडे वळू. मूळ लाँच १० मीटर लांब, ५ टन वजनाची आणि ३० अश्वशक्तीची आहे असे धरू. प्रतिकृती एक मीटर लांब होईल, पण तिचे वजन हजार पटीने कमी, म्हणजे ५ किलो हवे. बॉयलर, त्यातले पाणी, इंजिन, इंधन सगळे या पाच किलोंत बसवायचे! वेगाचे काय? याचे उत्तर इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड याने शोधले. १८६७ मध्ये त्याने ३, ६ आणि १२ फूट लांबीचे नमुने पाण्यातून ओढून पाहिले. पुढे टॉर्की येथे खास हौद बांधून मेणाच्या नमुन्यांवर प्रयोग केले. वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला तर लहान नमुन्याभोवती मोठ्या जहाजासारख्याच लाटा उठतात, हा त्याचा नियम. दहाचे वर्गमूळ ३.१६. म्हणून सेकंदाला ४ मीटर जाणाऱ्या लाँचची प्रतिकृती सुमारे सव्वा मीटर गेली की ती खरी वाटते. लाटांचा विरोध हजार पटीने आणि वेग ३.१६ पटीने कमी, म्हणून लागणारी शक्ती सुमारे ३,१६० पटीने कमी होते. ३० अश्वशक्तीच्या जागी अवघे ७ वॅट! पाण्याचे घर्षण मात्र या नियमात बसत नाही. ते फ्रूडने वेगळे मोजले, आणि लहान नमुन्यात त्याचा वाटा अधिक असतो. म्हणून ७ चे १० वॅट धरू.

दहा वॅट ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण वॅटला छळणारी थंड भिंत येथेही आहेच. अशा इंजिनात ज्वालेच्या उष्णतेपैकी शेकडा एक-दोन भागच पंख्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे बोटीच्या पोटात पाचशे ते हजार वॅटची ज्वाला हवी. मोठ्या बॉयलरच्या नळ्यांची हुबेहूब नक्कल करावी, तर तेही जमत नाही. पाच सेंटिमीटरची नळी पाच मिलिमीटरची होते, पण उकळत्या पाण्याचा बुडबुडा काही दहा पटीने लहान होत नाही. पाणी आत असलेल्या नळ्या बुडबुड्यांनीच कोंदतात. म्हणून जाणकार मंडळी बोटीचे बाह्यरूप मापात ठेवतात आणि आत तांब्याचा साधा बॉयलर बसवतात : नळ्या थोड्या, पण ऐसपैस. मला यात लबाडी वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मापाशी प्रामाणिक राहते. व्यास आणि पत्र्याची जाडी दोन्ही दहाने भागली, तर त्याच दाबाला पत्र्यावरचा ताण तेवढाच राहतो. म्हणजे बॉयलर लहान आहे म्हणून त्याचा पत्रा अधिक सुरक्षित ठरत नाही. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर-तपासणीचा कायदा आला. खेळण्यातल्या बॉयलरलाही सुरक्षा-झडप हवीच. त्याचे सांधे कथील-शिशाच्या साध्या सोल्डरने जोडू नयेत. दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोच्या दाबाखाली वाफ सुमारे १४३ अंशांवर असते, आणि ते सोल्डर १८३ अंशांना वितळू लागते. पाणी आटले आणि ज्वाला चालू राहिली, तर तो टप्पा गाठायला वेळ लागत नाही. सांधे चांदीच्या सोल्डरचेच हवेत, आणि ते काम अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली व्हावे.

पहिली आग पेटवण्यापूर्वी बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून, आतली सगळी हवा काढून, हातपंपाने दाब नेहमीच्या दुप्पट करतात. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे त्यात साठलेली ऊर्जा नगण्य असते. सांधा कच्चा असला तर बारीक चिळकांडी उडते आणि दाबमापकाचा काटा शून्यावर येतो.