तुटलं की थांबलं पाहिजे : बोरघाटाची रेल्वे ते चाकणचा ट्रेलर

चाकण-तळेगाव रस्त्यावर ट्रेलरची रांग आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. कारखान्यांतला माल कंटेनरमध्ये भरून ही रांग एक्स्प्रेसवेला लागते, बोरघाट उतरते आणि न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाते. आज आपण एकच प्रश्न घेऊ. उतारावर समजा जोडच तुटला. पुढचा इंजिनवाला घोडा निघून गेला, त्यात ड्रायव्हरही गेला. मग मागच्या ट्रेलरला थांबवायचं कोणी?

या घाटाला हा प्रश्न नवा नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. सगळ्यात तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. १८६९ च्या जानेवारीत पुण्याकडून घाट उतरणारी गाडी ब्रेकने आवरली नाही आणि रिव्हर्सिंग स्टेशनवर न थांबता पुढे गेली.

त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण अडचण तीच. त्यांच्या पहिल्या ब्रेकमध्ये इंजिनातून नळीत हवा सोडली की डब्यांचे ब्रेक लागत. आणि नळी तुटली तर? हवा बाहेर, ब्रेक गायब. नेमकी गरज असेल तेव्हाच तो दगा देणार! १८७२ मध्ये त्यांनी हे गणित उलटं केलं. प्रत्येक डब्याला स्वतःची हवेची टाकी दिली. नळीत दाब कायम भरलेला. तो उतरला, की टाकीतली हवा ब्रेक लावते.

आपला मोठा ट्रेलर याच विचारावर चालतो. घोड्यापासून त्याला हवेचे दोन पाईप जातात. एक ड्रायव्हरने पेडल दाबल्याचा निरोप नेतो, दुसरा ट्रेलरची टाकी भरतो. हा दुसरा तुटला, की ट्रेलरवरचा व्हॉल्व्ह टाकीतली हवा ब्रेककडे वळवतो. शिवाय बऱ्याच ट्रेलरना स्प्रिंग ब्रेक असतो : ब्रेक लावते ती स्प्रिंग, सोडवते ती हवा. म्हणजे हवा गेली की चाकं जाम.

मग वायरिंगचं काम काय? दिवे, इंडिकेटर आणि एबीएस. एबीएसची वायर निघाली तर चाक लॉक होण्यापासूनचं संरक्षण जातं, पण हवेचा ब्रेक राहतो.

परदेशात कारमागे ओढायच्या लहान ट्रेलरना विजेचे ब्रेक असतात. तिथे गोष्ट पुन्हा १८६९ ची होते. ब्रेक लागायला करंट हवा. केबल तुटली की ब्रेक संपला. म्हणून ट्रेलरवरच बॅटरी ठेवतात आणि एक पिन बारीक दोरीने कारला बांधतात. ट्रेलर सुटला की पिन उपटते, सर्किट जुळतं, ब्रेक लागतो. पण बॅटरी मेलेली असेल तर पिन उपटूनही काही होत नाही.

आता आपल्याकडचा खरा धोका. हवा गळून ट्रेलर वाटेत जाम झाला, की बोल्टने स्प्रिंग मागे ओढून चाक मोकळं करता येतं. ही सोय गॅरेजपर्यंत नेण्यापुरती आहे. तसाच माल भरून घाटात उतरलो, तर त्या चाकापुरता दीडशे वर्षांचा धडा आपणच पुसला. वर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली, की इंजिनाचा आधारही गेला; सगळा भार तापलेल्या ब्रेकवर.

घाटातल्या रेल्वेला आजही कॅच सायडिंग आहेत. तिथे सांधा एरवी सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, आवरलेली आहे हे दिसलं, की मगच मुख्य मार्ग मिळतो. ट्रेलरलाही हीच परीक्षा द्यावी. सपाट जागी, चाकांना दगड लावून, टाकी भरणारा पाईप काढून बघावा. ट्रेलर जाम झाला, तरच घाटाची वाट धरावी.