कोल्हापूर प्रकरण आणि सामान्य वाचक

वृत्तपत्रातील मजकूर मानहानिकारक आहे की नाही, हे ठरविताना केवळ लेखकाचा हेतू पाहून भागत नाही. सामान्य वाचकाच्या मनात त्या शब्दांचा कोणता अर्थ उमटेल, हेही पाहावे लागते. मग हा सामान्य वाचक कसा असतो? मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात या प्रश्नाचा पहिला मोठा धडा कोल्हापूर प्रकरणाने दिला, असे आम्हांस वाटते.

1881 साली ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याच्या वार्तेने महाराष्ट्र त्या वेळी अस्वस्थ होता. संस्थानचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांच्या नावावरील काही पत्रांच्या आधारे या दोन्ही पत्रांनी त्यांच्यावर घोर आरोप केले. बर्वे यांनी फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी जुलै 1882 मध्ये त्यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून ते सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचा मोठा सत्कार केला. 25 डिसेंबर 1883 रोजी महाराजांचा अहमदनगरच्या किल्ल्यात करुण अंत झाला आणि वाचकांची समजूत अधिकच दृढ झाली.

येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले. महाराजांचे हाल झाले काय, हा एक. बर्वे यांनी कट केला काय, हा दुसरा. पहिल्याविषयीच्या कळवळ्याने वाचकाने दुसऱ्याचे उत्तर परस्पर देऊन टाकले. संपादकांचा त्याग थोर खराच. परंतु ज्यांच्यावर खोट्या पत्रांनी किटाळ आले त्या बर्व्यांचे नाव आज त्या प्रकरणापुरतेच उरले आहे, हेही विसरता येत नाही.

हाच भेद लंडनच्या सरदारसभेने 1963 साली लुइस विरुद्ध डेली टेलिग्राफ या खटल्यात केला. एखाद्या कंपनीची पोलीस चौकशी चालू आहे, एवढ्या बातमीवरून समंजस वाचक तिला अपराधी ठरवीत नाही, असे तेथे मानले गेले.

आमच्या भागासही या विचाराची परंपरा आहे. बालाघाट जिल्हा, आणि त्यातील हट्टा, 1956 पर्यंत नागपूर उच्च न्यायालयाच्या कक्षेत होता. 1947 च्या निर्णयसंग्रहात छापलेल्या भगवतीचरण शुक्ल खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लेखनाची कसोटी सांगितली. खटला मानहानीचा नव्हता. परंतु शब्दांचा परिणाम दुबळ्या, चंचल मनाच्या नव्हे, तर विवेकी व खंबीर माणसाच्या मापाने मोजावा, हे त्यांचे म्हणणे येथेही लागू पडते.

असा वाचक न्यायालयाला गृहीत धरता येतो, निर्माण करता येत नाही. तो शाळेत घडतो. हट्टा येथील मराठी शिक्षकाने वर्गात वर्तमानपत्र उघडून ‘आरोप कोणता आणि पुरावा कोणता?’ एवढे विचारले, तरी 1882 चा धडा वाया गेला नाही, असे आम्ही समजू.