परसातल्या मोटारीची ओळख

परसात गंजत पडलेली जुनी मोटार ओळखावी कशी? नावाच्या पट्टीवर विसंबू नये. ती बदललेली असू शकते. अमेरिकेतल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’चेच उदाहरण घेऊ. पायाशी तीन पेडल आहेत, पण वेग वाढविण्याचा दांडा मात्र स्टिअरिंगखाली आहे, तर गाडी बहुधा तीच. रेडिएटर पितळी असेल तर ती १९१६ किंवा त्याआधीची. इंजिनाच्या डाव्या अंगावर ठोकलेला आकडा ते इंजिन केव्हाचे, हे सांगतो.

श्रोतेहो, आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना तो आकडा आणखीही काही सांगतो. १९१३-१४ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती साखळी आली आणि साडेबारा तासांची चॅसिसची जोडणी ९३ मिनिटांवर आली. त्या कामावर माणसे टिकेनात. म्हणून १९१४ साली रोज पाच डॉलर देऊ केला गेला. अमेरिकेत संघटनेशी करार झाला तो मात्र संपानंतर, १९४१ साली. मॉडेल टी १९२७ सालीच बंद झाली होती.

लोखंडावर आकडा राहिला. तो ठोकणाऱ्याचे नाव राहिले नाही. गाडीचे साल काढताना त्या हाताचाही हिशेब मांडावा, एवढेच आमचे म्हणणे.