अक्षराचे वळण आणि पृष्ठाचे शैलीपत्रक

१८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले, त्या काळी लेखनिकाच्या बोरूचे वळण हेच मजकुराचे वळण होते. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागराने (स्थापना १८६९) देवनागरी खिळ्यांस सुबकता आणली आणि अक्षराचे रूप लेखनिकाच्या हातून ओतकाम करणाऱ्याच्या साच्यात गेले. आशय व आकार यांची फारकत तेव्हाच सुरू झाली. हॉकोन व्यूम ली यांनी १९९४ मध्ये सुचविलेल्या आणि डिसेंबर १९९६ मध्ये मान्यता पावलेल्या वेब-शैलीपत्रकाने, म्हणजे स्टाईलशीटने, ती पूर्ण केली. जकार्ड मागावर पत्ते बदलताच नक्षी बदलते, सूत मात्र तेच राहते. चादरींच्या सोलापुरास ही कल्पना नवखी वाटू नये.

परंतु वळण म्हणजे केवळ नक्षी होय काय? मराठीतील पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांची हिंदी रूपे निराळी आहेत. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांच्या ‘ल’ला एकच क्रमांक आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणे मान्य केली, तरी शासननिर्णय संगणकास वाचता येत नाही. पृष्ठावर ‘ही भाषा मराठी’ अशी खूण हवी आणि त्या खुणेनुसार रूप पालटण्याची सोय टंकात हवी. अशी खूण पाहून भाषावार शैली लावण्याची तरतूद शैलीपत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९८ पासून आहे. व्यवहारात इंग्रजी पृष्ठाचे शब्द तेवढे भाषांतरित होतात आणि मूळची इंग्रजी खूण तशीच राहते. परिणामी टंक सुसज्ज असूनही वाचकापुढे परके ‘ल’ येते, आणि दोष टंकाच्या माथी मारला जातो.

याहून गंभीर प्रश्न अर्थाचा आहे. ‘आचार्यांना’ बोलावणे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे यांत अध्यापक व स्वयंपाकी यांच्याइतके अंतर आहे. दुसऱ्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांस दोन्ही सारखे, शोधयंत्रास भिन्न. शैलीपत्रक कितीही सुंदर असले तरी येथे निरुपयोगी. दोन्ही लेखने एकरूप करण्याचे काम प्रणालीनेच केले पाहिजे.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चारही भाषा नांदतात, म्हणून हा विषय येथे अधिक गुंतागुंतीचा होतो. कन्नड व तेलुगू जोडाक्षरांतील दुसरे व्यंजन बहुधा खाली उतरते. रोमन लिपीसाठी बेतलेले ओळींमधील अंतर त्यांस अपुरे पडते. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते आणि नस्तालीक वळणास उंचीही अधिक लागते. तेथे समास ‘डावा-उजवा’ असा न सांगता ‘ओळीचा आरंभ’ व ‘ओळीचा अंत’ असा सांगणे श्रेयस्कर. अन्यथा प्रत्येक भाषेसाठी निराळे शैलीपत्रक सांभाळावे लागते, आणि एकात केलेली दुरुस्ती दुसऱ्यात राहून जाते.

व्याकरणाकडे तर रचनाकाराचे लक्ष क्वचितच जाते. ‘अमुक जोडला’ असे रिकाम्या जागेचे वाक्य एकदा भाषांतरून ठेवले की अर्ज जोडला जातो. पण पावतीही ‘जोडला’ आणि छायाचित्रही ‘जोडला’! इंग्रजीत एका वाक्यावर भागते, मराठीत लिंगानुसार तीन वाक्ये द्यावी लागतात, आणि तितकी जागा प्रणालीच्या मूळ आराखड्यातच ठेवावी लागते.