बिलोरापासून लेसरपर्यंत

‘बिलोरी आरसा’ हे शब्द आपण सहज वापरतो. बिलोर हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. त्याचा अर्थ स्फटिक. स्फटिक आणि प्रकाश यांच्या अभ्यासाचा इतिहास हजार वर्षांहून जुना आहे आणि त्याचे एक महत्त्वाचे पान बगदादमध्ये लिहिले गेले.

इ. स. ९८४ च्या सुमारास इब्न सहल या गणितज्ञाने सूर्यकिरण एकवटून जाळणारे आरसे व भिंगे यांवर ग्रंथ लिहिला. किरण स्फटिकातून हवेत येताना किती वाकतो, याचे गुणोत्तर त्याने भूमितीने मांडले. युरोपात हाच नियम स्नेलने १६२१ मध्ये शोधला. इब्न सहलच्या ग्रंथाचे भाग मात्र दमास्कस आणि तेहरान येथे विखुरलेले राहिले. रोशदी राशेद या संशोधकाने ते जुळवून १९९० मध्ये त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. पूर्वजांच्या नुसत्या अभिमानाने ते पान सापडले नसते. कोणी तरी बसून ते वाचले, म्हणून सापडले.

पुढचे पान पॅरिसचे. १८४८ मध्ये २५ वर्षांच्या लुई पाश्चरने टार्टरिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहिले. (हे आम्ल आपल्या चिंचेतही असते.) त्यात डाव्या-उजव्या हातांसारखे दोन प्रकार होते. त्याने ते एकेक करून वेगळे केले. एकाचे द्रावण ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवी, दुसऱ्याचे डावीकडे.

या ‘डाव्या-उजव्या’चा उपयोग शतकानंतर कळला. १९६० मध्ये लेसर निघाला. १९६१ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन व सहकाऱ्यांनी माणिक-लेसरचा ६९४ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश क्वार्ट्झच्या स्फटिकातून सोडला. त्याचा अत्यल्प अंश ३४७ नॅनोमीटरचा, म्हणजे दुप्पट वारंवारतेचा होऊन बाहेर पडला. अरेषीय प्रकाशशास्त्राची ही सुरुवात. ज्या स्फटिकाच्या रचनेला सममितीचे केंद्र असते, त्याला हे साधत नाही. डाव्या किंवा उजव्या अशा एकाच प्रकारच्या रेणूंच्या स्फटिकाला असे केंद्र असूच शकत नाही. म्हणून शास्त्रज्ञ सेंद्रिय पदार्थांकडे वळले. १९६८ मध्ये कुर्ट्झ आणि पेरी यांनी मोठा स्फटिक न वाढवता नुसत्या भुकटीवर हा गुण तपासण्याची रीत दिली. युरियाशी तुलना करण्याचा प्रघातही पडला. १९८३ मध्ये चीनच्या शांडोंग विद्यापीठातून आर्जिनीन या अमिनो आम्लापासून बनवलेला स्फटिक पुढे आला.

असा स्फटिक वाढवायचा कसा? संपृक्त द्रावण गाळून घ्यावे, तापमान स्थिर ठेवावे, बीज-स्फटिक दोऱ्याने सोडावा आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहावी. धक्का लागला वा धूळ पडली, तर स्फटिकात दोष राहतो. मग क्ष-किरणांनी रचना, वर्णपटाने पारदर्शकता आणि उष्णतेने टिकाऊपणा तपासतात. भारतातील अनेक महाविद्यालयांत हे काम चालते.

पालक बंधुभगिनींनो, आपली मुले विज्ञान शाखेला जातात, पण प्रयोगवहीत दुसऱ्याच्या वहीवरून आकृती उतरवतात. इब्न सहलचे नाव त्यांना जरूर सांगा. पण तेवढ्याने भागणार नाही. विद्यार्थी मित्रांनो, घरी तुरटीचे संपृक्त द्रावण करून त्यात दोरा सोडा. तुरटीची रचना सममित असल्याने ती लेसरची वारंवारता दुप्पट करणार नाही. पण दोन आठवडे रोज पाहून केलेली नोंद तुमची स्वतःची असेल. असे विद्यार्थी घडले, तरच पुढच्या पानावर आपले नाव येईल.