ठिणगीचा हिशेब

आमच्या मंचरच्या मामांकडे एक स्पोर्ट्स कार आहे. म्हणजे मामा तसं म्हणतात. आरटीओच्या पुस्तकात ती 1969 सालची स्टँडर्ड हेराल्ड आहे. मी एकदा हे नम्रपणे लक्षात आणून दिलं, तर मामांनी अर्धा तास इतिहास ऐकवला. इंग्लंडात 1959 साली ट्रायंफ हेराल्ड निघाली, तिचीच चौकट आखूड करून 1962 साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली, आणि दोघींचं रूप मिकेलॉट्टी नावाच्या एकाच इटालियनानं रेखाटलं. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं 1961 पासून बनवली ती हीच हेराल्ड. "म्हणजे सख्खी बहीणच की रे!" धाकटी कबड्डी खेळते म्हणून थोरलीला कोणी खेळाडू म्हणत नाही, हे मी मनातच म्हटलं. जेवण व्हायचं होतं.

ही खेळाडू दर दीड-दोन हजार किलोमीटरला कळंबच्या आसपास बसकण मारी. दुखणं ठरलेलं : पॉइंट गेले. वर्षात तीन संच झाले, शिवाय दर वेळी नवा कंडेन्सर. शेवटी मामी म्हणाल्या, "आता एकदा बंद पडली की भंगारवाल्याला फोन." मामी बोलतात ते करतात. आणि गाडी तर आजोबांनी घेतलेली. मामा दोन दिवस गप्प होते, मग त्यांनी मला बोलावलं. "तू बँकेत आहेस ना? बघ जरा, कुठं खातंय ते."

आम्हाला बी.कॉम.ला पॉइंट नव्हते. पण वाचायला बसलो आणि नातलग सापडला! बॅटरी, कॉइल आणि पॉइंट ही व्यवस्था बसवली चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनियरनं. 1910 च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. त्याआधी हा गृहस्थ गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता आणि त्यानं गल्ल्याला विजेची मोटर लावली होती. म्हणजे आमच्याच खात्यातला की हो!

त्याची युक्ती अशी. पॉइंट मिटले की कॉइलमध्ये बारा व्होल्टची वीज खेळते. उघडले की ती तुटते, आणि त्या झटक्यात हजारो व्होल्ट उसळून प्लगवर ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर ही उघडझाप मिनिटाला सहा हजार वेळा. तासाला तीन लाख साठ हजार! आमच्या काउंटरवर एवढे व्यवहार झाले तर संपच होईल.

आता पॉइंट मरतात दोन तऱ्हांनी. कंडेन्सर बिघडला तर तोंडं करपतात, एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा येतो. उलट कॅमवर घासणारी टाच झिजली, तर तोंडं साफ राहतात पण फट मिटत जाते. ठिणगी उशिरा पडते, ओढ कमी होते, इंजिन तापतं, आणि एक दिवस पॉइंट उघडतच नाहीत.

मामांनी तिन्ही जुने संच डब्यात जपून ठेवले होते. (मामा काहीच टाकत नाहीत, म्हणून तर हेराल्ड आहे.) पाहिलं, तर तोंडं लख्ख आणि टाचा भुईसपाट. म्हणजे तीन निरपराध कंडेन्सर आम्ही नोकरीवरून काढले होते!

मेस्त्रींनी फिलर घातला, कॅमवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हितलं ग्रीस कुठं गेलं?"

मामा गाडीच्या पलीकडच्या चाकाकडे बघू लागले. एकदा ग्रीस उडून पॉइंटवर बसलं होतं, तेव्हापासून मामा मेस्त्रींची पाठ फिरली की कॅम फडक्यानं पुसून कोरडा करत. स्पोर्ट्स कार स्वच्छ हवी ना!

मेस्त्रींनी बाजरीच्या दाण्याएवढं ग्रीस लावलं, फट पंधरा थाऊवर आणली, टायमिंग जुळवलं. बिलात ग्रीसचे पैसे लावलेच नाहीत. मामांना तेच जास्त लागलं असावं.

फेरी मारायला नारायणगावापर्यंत गेलो. मामांना तिथून खोडदची दुर्बीण बघायची होती. मी थांबवलं. पॉइंटची प्रत्येक ठिणगी म्हणजे छोटं रेडिओ केंद्रच. हर्ट्झनं 1887 मध्ये रेडिओलहरी काढल्या त्या ठिणगीतूनच. तिथं 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातली कुजबुज ऐकत बसलेल्या, आणि आमची हेराल्ड सेकंदाला शंभर वेळा शिंकणार.

"म्हणजे हिचा आवाज विश्वात जातो म्हण की," मामा खुशीत म्हणाले आणि त्यांनी गाडी मंचरकडे वळवली.

त्यानंतर चार हजार किलोमीटर झाले. मामींनी भंगारवाल्याचा नंबर मात्र अजून खोडलेला नाही.